मॅनेजर ट्रेनीच्या नोकऱ्या नक्की शोधायच्या कुठं? (रिटेल, हॉटेल, फॅक्टरी, काहीही चालेल)

काठावरचा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.
कस्टमर सपोर्टमध्ये चार वर्षं झाली. शेवटचं दीड वर्ष टीम लीडर नसताना टीम लीडरचं सगळं काम मीच करतोय, म्हणजे नवीन पोरांचं ट्रेनिंग, शिफ्टचं रोस्टर, चिडलेल्या कस्टमरचा कॉल वर आला की तो घ्यायचा, पण कागदावर अजून 'असोसिएट'च. दोनदा प्रमोशन हुकलं. दोन्ही वेळा बाहेरून माणूस आणला आणि त्याला सिस्टीम शिकवायला मलाच बसवलं.
आता ठरवलंय की मॅनेजमेंटकडेच जायचं, इंडस्ट्री कुठलीही असो. एमबीए नाहीये, साधी पदवी आहे. जॉब पोर्टलवर 'मॅनेजर' टाकून शोधलं तर ढिगानं जाहिराती, अर्ध्यांना आठ-दहा वर्षांचा अनुभव हवा आणि उरलेल्या वाचून कळतच नाही की काम काय आहे. ४० ठिकाणी अर्ज टाकले, तीन फोन आले, त्यातला एक तर म्हणाला उद्याच इंटरव्ह्यूला या. उद्याच म्हटल्यावर बरं वाटलं आणि जरा धाकधूकपण झाली.
तर मॅनेजर ट्रेनी म्हणून घेणाऱ्या जागा खरोखर कुठं असतात, आणि एका इंडस्ट्रीतला अनुभव दुसरीकडे चालतो का?

हजर_आहे
वाचनखूण साठवली. मीपण याच रांगेत.

वाकडा_मुद्दा
आधी एक सांगा, मॅनेजर व्हायचंय का पगार वाढवायचाय? दोन्ही एकच समजून लोक या भानगडीत पडतात आणि मग वर्षभरात 'आधीचं बरं होतं' म्हणतात.

काठावरचा
@वाकडा_मुद्दा दोन्ही. खोटं कशाला बोलू.

सीव्हीचाळणी
भरती करणाऱ्या बाजूची आहे, नऊ वर्षं झाली, रिटेल, लॉजिस्टिक्स आणि दोन हॉस्पिटल्स केलीत. तुमची पहिली चूक सांगते, 'मॅनेजर' हा शब्द टाकून शोधू नका. हा शब्द इतका झिजलाय की त्याचा अर्थच उरला नाही, बँकेत एकट्यानं टेबलावर बसणारा माणूस 'मॅनेजर' असतो आणि गोदामात साठ माणसं हाकणारा 'शिफ्ट सुपरवायझर' असतो. प्रत्येक धंद्यात ट्रेनीच्या जागेला वेगळं नाव आहे. रिटेलमध्ये डिपार्टमेंट मॅनेजर, असिस्टंट स्टोअर मॅनेजर ट्रेनी, कुठं कुठं 'की होल्डर' म्हणतात, म्हणजे दुकानाची किल्ली ज्याच्याकडे असते तो. हॉटेलात ड्यूटी मॅनेजर, फ्रंट ऑफिस सुपरवायझर. फॅक्टरीत शिफ्ट इन्चार्ज, प्रॉडक्शन सुपरवायझर. लॉजिस्टिक्समध्ये टीम लीड, एरिया मॅनेजर. हॉस्पिटलात ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह, फ्लोअर कोऑर्डिनेटर. भाड्यानं गाड्या देणाऱ्यांकडे ब्रँच मॅनेजमेंट ट्रेनी. अशी नावं टाकून बघा, निकाल एकदम वेगळे येतील.
दुसरं म्हणजे जाहिरात खालून वर वाचा. वरचं सगळं मार्केटिंगवाल्यांनी लिहिलेलं असतं, 'डायनॅमिक', 'लीडरशिप जर्नी' वगैरे. खरी नोकरी जबाबदाऱ्यांच्या यादीत असते. तिथं रोस्टर, स्टॉक, बजेट, भरती, अप्रेझल यातलं काही दिसलं तर ती मॅनेजमेंटची नोकरी. फक्त टार्गेट, लीड्स (संभाव्य गिऱ्हाइकं) आणि कन्व्हर्जन (त्यातल्या किती जणांनी घेतलं) दिसलं तर ती सेल्सची नोकरी, नाव काहीही असो. सेल्स वाईट असतं असं नाही, पण तुम्हाला ते करायचं नसेल तर तिथं वेळ घालवू नका.
आणि तो उद्याच बोलावणारा, त्याच्याकडे जाऊ नका असं म्हणत नाही, पण आधी विचारा की पगार ठरलेला आहे का फक्त कमिशन. उत्तर फिरवून दिलं तर फोन ठेवा.

एकदा_फसलेली
सीव्हीचाळणीताईंचा शेवटचा परिच्छेद कुणीतरी मला सहा वर्षांपूर्वी सांगायला हवा होता.
माझं असं झालं. जाहिरात होती 'मॅनेजमेंट ट्रेनी, अनुभवाची गरज नाही, १२ महिन्यांत स्वतःचं ऑफिस सांभाळा'. सकाळी अर्ज केला, दुपारी फोन, दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू. ऑफिसात गाणी मोठ्यांदा लावलेली, भिंतीवर एक घंटा टांगलेली, सगळे विशीतले आणि सगळे सुटात. इंटरव्ह्यू दहा मिनिटांचा. कामाबद्दल एक प्रश्न नाही, सगळे प्रश्न 'तुला किती मोठं व्हायचंय' यावर. मग म्हणाले उद्या 'ऑब्झर्व्हेशन डे', पूर्ण दिवस ये. आले. एका मुलीबरोबर पाठवलं आणि आम्ही सकाळी साडेदहापासून संध्याकाळी आठपर्यंत दारोदार फिरलो. बेल वाजवायची, स्कीम सांगायची, दार बंद, पुढचं दार. त्या मुलीच्या बुटाचा तळ एका बाजूनं पार झिजलेला होता, आत पुठ्ठा घातला होता तिनं. मी विचारलं तू कधीपासून करतेस, म्हणाली सात महिने, आता लवकरच लीडर होणार आहे. लीडर म्हणजे तिनं स्वतःसारखी आणखी माणसं आणायची आणि त्यांच्या विक्रीतला वाटा तिला मिळायचा.
तरीही मी तीन आठवडे काढले तिथं. तेच सांगायची लाज वाटते. रोज सकाळच्या मीटिंगला इतकं टाळ्या वाजवून बोलतात ना की आपल्यालाच वाटतं आपण कमी पडतोय. मूळ पगार शून्य, फिरण्याचा खर्च आपला, आणि कागदावर मी त्यांची नोकर नव्हतेच, 'स्वतंत्र कंत्राटदार' होते. सही करताना ते वाचलंच नव्हतं.
म्हणून कामाच्या जागेचा पत्ता, पगाराचा आकडा आणि आपण नोकर आहोत का कंत्राटदार, हे तिन्ही लेखी असल्याशिवाय हलू नका.

हजर_आहे
बुटात पुठ्ठा वाचून कसंतरी झालं.

काठावरचा
@एकदा_फसलेली ताई, मनापासून आभार. त्या उद्याच्या इंटरव्ह्यूवाल्याला फोन करून पगाराचं विचारलं. 'ते तुमच्या मेहनतीवर आहे' म्हणाला. ठेवला फोन.

बारकोडबाबा
उशिरा आलो धाग्यावर. रिटेलमध्ये १४ वर्षं, शेल्फ भरण्यापासून सुरुवात, आता सहा दुकानं बघतो. पदवीपण नव्हती माझ्याकडे, नंतर बाहेरून केली.
रिटेल आणि रेस्टॉरंट हे दोन धंदे असे आहेत की जिथं मॅनेजर आतून तयार करायची जुनी रीत आहे, आणि त्याला कारण आहे. दुकानं खूप, प्रत्येक दुकानाला एक मॅनेजर आणि दोन-तीन असिस्टंट लागतात, आणि माणसं टिकत नाहीत, त्यामुळं जागा सतत रिकामी होत असते. मॅकडॉनल्ड्सनं १९६१ साली मॅनेजर घडवायला स्वतःची शाळाच काढली, हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी नावाची, नाव ऐकून हसू येतं पण काम चोख. त्यांचा जिम स्किनर १९७१ मध्ये रेस्टॉरंट मॅनेजर ट्रेनी म्हणून लागला आणि २००४ मध्ये सीईओ झाला, कॉलेजची पदवी पूर्ण न करता. वॉलमार्टवाला सॅम वॉल्टनसुद्धा १९४० मध्ये जे सी पेनीच्या दुकानात मॅनेजमेंट ट्रेनीच होता, महिना ७५ डॉलरवर. तेव्हा हा प्रकार काही आजचा नाही.
आता काम काय असतं ते सांगतो, कारण ट्रेनी म्हणून येणाऱ्या निम्म्या पोरांना वाटतं की केबिनमध्ये बसायचंय. सकाळी सातला शटर, कॅशची मोजणी, मालाची गाडी आलेली, आणि दोन जण आलेले नाहीत. दोन जण रोजच येत नाहीत हे गृहीतच धरायचं. नऊपर्यंत दुकान उभं करायचं. मग दिवसभर तीन आकडे डोक्यात, विक्री, पगारावर गेलेले तास आणि श्रिंकेज. श्रिंकेज म्हणजे हिशेबात असलेला माल आणि मोजल्यावर भरलेला माल यातली तूट. सगळ्यांना वाटतं ती चोरीच असते. माझ्या पहिल्या दुकानात तूट फार होती, आम्ही तीन महिने कॅमेरे बघत बसलो आणि शेवटी सापडलं काय, तर पहाटेची गाडी आली की आमचा माणूस खोकी न मोजता चलनावर सही करत होता. दर खेपेला दोन-तीन खोकी कमी. माल दुकानात आलाच नव्हता, चोरी होणार कशाची! दुसऱ्या दिवसापासून मी स्वतः पहाटे जाऊन मोजायला लागलो, दोन महिन्यांत तूट निम्म्यावर. ही एक गोष्ट मी पुढच्या प्रत्येक इंटरव्ह्यूत सांगितली आणि प्रत्येक वेळी नोकरी मिळाली.
म्हणून काठावरचा, तुमच्याकडे अशी एक गोष्ट आहे का ते शोधा. एकच, पण पूर्ण.

वाकडा_मुद्दा
सीईओच्या गोष्टी बास करा हो. एक जिम स्किनर दिसतो, त्याच वर्षी लागलेले बाकीचे हजारो ट्रेनी कुठं गेले त्यांच्यावर कोण लिहितं.

बारकोडबाबा
@वाकडा_मुद्दा बरोबर आहे तुमचं. पण ते हजारो रस्त्यावर आले असंही नाही, बरेचसे माझ्यासारखे मधेच कुठंतरी आहेत, आणि मधलं बरंच बरं असतं.

नटबोल्ट
फॅक्टरीकडून माझे दोन शब्द. इथं ट्रेनी म्हणून शिरायला बऱ्याचदा इंजिनिअरिंग लागतं हे खरं, पण पॅकिंग, स्टोअर्स, डिस्पॅच, प्लॅनिंग या खात्यांत साध्या पदवीवाले सुपरवायझर भरपूर बघितलेत.
इंटरव्ह्यूला येणार असाल तर ओईई हा आकडा समजून या, प्लांटमध्ये दिवसरात्र त्याच्याच नावानं शंख चालू असतो. मशीन ठरलेल्या वेळेतला किती वेळ चाललं, चाललं तेव्हा किती वेगानं चाललं, आणि निघालेल्या मालातला चांगला किती, या तिघांचा गुणाकार. गंमत अशी की ९० टक्के, ९५ टक्के आणि ९९ टक्के, तिन्ही ऐकायला झकास, पण गुणाकार केला की ८४.६ येतो. नवा माणूस तिन्ही आकडे सुटे सुटे बघतो आणि खूश होतो.
दुसरी गोष्ट शिफ्टचा हँडओव्हर. जाणारा सुपरवायझर वहीत काय लिहून जातो त्यावर येणाऱ्याची रात्र ठरते. मी ट्रेनी असताना एकदा 'मशीन ३ थोडं आवाज करतंय' इतकंच लिहून घरी गेलो. थोडं म्हणजे किती, कधीपासून, कुठल्या बाजूनं, काही नाही. रात्री दोनला बेअरिंग गेलं, साडेपाच तास लाइन बंद. साहेब ओरडले नाहीत, नुसती ती वही माझ्यासमोर उघडी ठेवली आणि म्हणाले वाच. अजून आठवलं की कान गरम होतात.
कॉल सेंटरवाल्यांना शिफ्ट आणि हँडओव्हर कळतो, म्हणून मला विचाराल तर तुमचा अनुभव इथं चालेल. फक्त तो आमच्या भाषेत सांगा.

रात्रपाळी
हॉटेलात यायचं असेल तर मागच्या दाराचा रस्ता सांगते, नाइट ऑडिटर. ही जागा कुणालाच नको असते कारण रात्री अकरा ते सकाळी सात. पण दिवसाचा सगळा हिशेब याच माणसाच्या हातून बंद होतो, खोल्यांचे चार्जेस चढवायचे, कॅश आणि कार्डाची जुळणी, न आलेल्या बुकिंगचं काय ते बघायचं आणि मग सिस्टीमची तारीख पुढं ढकलायची. आणि त्या वेळी हॉटेलात तुमच्यावर कुणीच नसतं. पाइप फुटला, पाहुण्याची तब्येत बिघडली, कुणी दारू पिऊन लॉबीत गोंधळ घातला, सगळं तुम्हीच. वर्षभर हे केलं की ड्यूटी मॅनेजरच्या इंटरव्ह्यूत तुमच्याकडे इतक्या गोष्टी असतात की त्यांना थांबवावं लागतं.
आकडा म्हणाल तर रेव्हपार, म्हणजे रिकाम्या धरून सगळ्या खोल्यांवर वाटलेली खोलीभाड्याची कमाई. १०० खोल्यांपैकी ८० भरल्या आणि सरासरी दर समजा ५०, तर एका खोलीमागं ४०. आणि ६० च भरल्या पण दर ७०, तर ४२. म्हणजे कमी खोल्या भरूनही जास्त कमाई, शिवाय चादरी कमी धुवायच्या. हॉटेल भरलंय का एवढंच विचारणारा मॅनेजर कच्चा समजायचा.
झोपेचं वाटोळं होतं हे मात्र आधीच सांगून ठेवते. माझं चौथं वर्ष आहे.

धक्क्यावरचा
गोदामवाला. आमच्याकडे सोपं गणित आहे. सीझन आला की माणसं दुप्पट होतात, आणि दुप्पट माणसांना लीड दुप्पट लागतात. ते बाहेरून आणायला वेळ नसतो, मग आतल्याच बऱ्या माणसाला 'तात्पुरता लीड' करतात. सीझन संपला की तात्पुरत्यांपैकी काही कायम होतात. म्हणून सीझनच्या दोन महिने आधी आत शिरायचं आणि स्वतःहून सांगायचं की मला लीड म्हणून घाला. शंभरातले पाचपण विचारत नाहीत.
डग मॅकमिलन १९८४ मध्ये वॉलमार्टच्या गोदामात उन्हाळी नोकरीला ट्रक उतरवायला होता, २०१४ मध्ये त्याच कंपनीचा सीईओ. (वाकडा_मुद्दा, माफी असावी, राहवलं नाही.)

वाकडा_मुद्दा
माफ केलं.
पण आता माझा मुद्दा नीट मांडतो, कारण धागा फारच गोडगोड चाललाय. अमेरिकेतल्या शंभराहून जास्त कंपन्यांमधल्या सेल्सवाल्यांच्या आकडेवारीवर बेन्सन, ली आणि शू या तिघांनी अभ्यास केला होता, २०१९ मध्ये आला. त्यात दिसलं असं की जो विक्रीत सगळ्यात पुढं त्याला प्रमोशन आधी मिळतं, आणि नेमका तोच मॅनेजर झाल्यावर त्याच्या हाताखालच्यांची कामगिरी खाली जाते. म्हणजे कंपन्यासुद्धा काम चांगलं करणारा आणि काम करून घेणारा यात गल्लत करतात. तुम्हाला दोनदा डावललं त्यामागं कदाचित उलटं कारण असेल, तुम्ही जिथं आहात तिथं इतके उपयोगी आहात की हलवलं तर त्यांचंच नुकसान.
आणि मॅनेजर या पाटीची किंमत बघा. बऱ्याच देशांत मॅनेजर झालं की ओव्हरटाइम बंद होतो, तास मात्र वाढतात. जपानमध्ये याला नावच आहे, 'नावापुरता मॅनेजर'. तिथं एका बर्गर साखळीच्या दुकान मॅनेजरनं कंपनीला कोर्टात खेचलं, आणि २००८ साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं सांगितलं की याला खरे अधिकार नव्हतेच, तेव्हा ओव्हरटाइमचे पैसे द्या. तेव्हा ऑफर हातात आली की पगार भागिले तास करा. ट्रेनीचा पगार दर तासाला शेल्फ भरणाऱ्यापेक्षा कमी पडतो अशी उदाहरणं मी स्वतः बघितलीत.

बारकोडबाबा
हे मात्र शंभर टक्के खरं. माझ्या असिस्टंटच्या पहिल्या वर्षी मी हा भागाकार केला होता आणि मग कॅल्क्युलेटर फेकून द्यावासा वाटला.

पुढची_पायरी
मी सध्या एका मोठ्या कंपनीच्या रोटेशनल प्रोग्रॅममध्ये आहे, १८ महिने, दर सहा महिन्यांनी खातं बदलतं. बाहेरून फार चकाचक दिसतं म्हणून आतलं सांगतो. शिकायला प्रचंड मिळतं आणि मोठ्या लोकांसमोर प्रेझेंटेशन द्यायला मिळतं हे खरं. पण सहा महिन्यांत तुम्ही कुणाचेच होत नाही. टीमला माहीत असतं हा पाहुणा आहे, त्यामुळं खरं काम देत नाहीत, एखादा 'प्रोजेक्ट' देतात, एक्सेलमध्ये काहीतरी. माझ्या हाताखाली आजपर्यंत एकही माणूस आलेला नाही, एका वर्षात. उलट माझा मित्र दुकानात असिस्टंट ट्रेनी म्हणून लागला, त्यानं दुसऱ्याच आठवड्यात एकाला कामावरून काढायची मीटिंग अटेंड केली.
शिवाय असे प्रोग्रॅम मुख्यतः नुकत्याच पास झालेल्यांसाठी असतात, अर्ज जवळजवळ वर्षभर आधी भरून घेतात, आणि काठावरचा यांच्यासारख्या चार वर्षं अनुभववाल्याला चाळणीतच उडवतात. त्यापेक्षा एंटरप्राइझसारखी भाड्यानं गाड्या देणारी कंपनी बघा, तिथं ट्रेनीला सरळ ब्रँचवर टाकतात, काउंटरपासून गाडी धुण्यापर्यंत सगळं. टाय लावून गाडी धुवायची तयारी पाहिजे.
माझ्याकडे बाँडपण आहे. दोन वर्षं. आधी सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च परत. सही करताना वाटलं होतं दोन वर्षं काय, अशी जातील.

सीव्हीचाळणी
पुढची_पायरी यांनी मुद्द्याला हात घातलाय. मी उमेदवाराला नेहमी सांगते, जागेचं नाव विसरा आणि दोनच गोष्टी विचारा, पहिल्या सहा महिन्यांत माझ्या हाताखाली किती माणसं असतील आणि कुठला आकडा माझ्या नावावर असेल. दोन्हीचं उत्तर 'बघू' असेल तर ती मॅनेजमेंटची नोकरी नाही. आणि मागच्या बॅचमधले किती जण आज मॅनेजर आहेत हेही विचारा. चांगली कंपनी पटकन सांगते, कारण तिला ते मिरवायचंच असतं.
काठावरचा, तुमच्या सीव्हीतल्या सध्याच्या नोकरीबद्दलच्या ओळी इथं टाका बरं. कंपनीचं नाव काढून.

काठावरचा
ताई, हे घ्या, लाजत लाजत. इंग्लिशमध्ये आहे, मराठीत सांगतो:
'टीमला मदत करणे. ट्रेनिंगमध्ये सहभाग. एस्कलेशन हाताळणे. विविध रिपोर्ट बनवणे. उत्तम संवादकौशल्य.'

सीव्हीचाळणी
अहो! दीड वर्ष टीम चालवलीत आणि लिहिलंय 'मदत करणे'? आता माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या. रोस्टर किती जणांचं? किती महिने? किती नवीन लोक शिकवले, त्यातले किती टिकले? एस्कलेशन आठवड्याला किती?

काठावरचा
रोस्टर १४ जणांचं, १८ महिने. नवीन २२ जण आले, त्यातले १९ तीन महिन्यांनंतरही होते, बाकीच्या टीममध्ये इतके टिकत नाहीत. एस्कलेशन आठवड्याला ३० च्या आसपास. आणि हो, एक राहिलं. सोमवारी सकाळी नेहमी कॉल तुंबायचे, मी बघितलं तर निम्मे कॉल शनिवार-रविवारी अडकलेल्या रिफंडचे होते. मग रविवारी संध्याकाळी दोन जणांची छोटी शिफ्ट लावली, फक्त रिफंड बघायला. सोमवारची रांग तिसऱ्या आठवड्यापासून गेली ती गेलीच. पण हे माझं काम नव्हतं, म्हणून सीव्हीत नाही टाकलं.

बारकोडबाबा
हीच ती गोष्ट!! माझ्या खोक्यांसारखी. डोक्यावर घेऊन फिरा ती.

सीव्हीचाळणी
तुमचं काम नव्हतं तरी तुम्ही केलंत, म्हणून तर ते सगळ्यात वर टाकायचं. असं लिहा: '१४ जणांच्या शिफ्टचं रोस्टर १८ महिने सांभाळलं. २२ नवीन सहकाऱ्यांना तयार केलं, पैकी १९ तीन महिन्यांपुढे टिकले. सोमवारची कॉलची रांग रिफंडमुळे लागते हे शोधून रविवारी दोघांची शिफ्ट सुरू केली, तीन आठवड्यांत रांग संपली.' मदत, सहभाग, उत्तम, विविध, हे चारही शब्द काढून टाका. आणि पदाचं नाव मात्र 'असोसिएट'च ठेवा, टीम लीडर लिहू नका, आम्ही चौकशी करतो आणि तिथं माणूस कायमचा उडतो.

नटबोल्ट
कोर्सेसबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून टाकतो. नोकरी लागावी म्हणून आधी सर्टिफिकेटांचा ढीग लावू नका. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं पीएमआय या संस्थेचं पीएमपी नावाचं सर्टिफिकेट आहे, त्याला पदवी असली तरी प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव मागतात, म्हणजे नवख्याला ते नाहीच. त्याच संस्थेची सीएपीएम ही नवख्यांची परीक्षा अनुभवाशिवाय देता येते, २३ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. फॅक्टरीला सिक्स सिग्मा (मालातले दोष कमी करायची पद्धत), किचनला अन्नसुरक्षेचं, तेही जाहिरातीत मागितलं असेल तरच.

वाकडा_मुद्दा
माझ्याकडे चार सर्टिफिकेटं आहेत. फ्रेम छान आहेत.

काठावरचा
मंडळी, सहा आठवड्यांनी येतोय, अपडेट द्यायला.
'मॅनेजर' शब्द सोडून वरच्या नावांनी शोधलं. नवीन सीव्हीनं १७ अर्ज, सात फोन, चार इंटरव्ह्यू. हॉटेलात शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन राहिलं. गोदामवाल्यांनी सगळ्यात चांगला इंटरव्ह्यू घेतला पण जागा सीझननंतर राहील का याची खात्री देईनात.
रिटेलच्या इंटरव्ह्यूत त्या बाईंनी विचारलं, 'शनिवार संध्याकाळ, सहा जण हवेत, चारच आलेत, बिलिंगला रांग आहे आणि एक कस्टमर तुझ्या माणसावर ओरडतोय. पहिली दहा मिनिटं सांग.' मी आधी रोस्टरबद्दल बोलायला लागलो, मग मधेच थांबलो आणि म्हटलं, आधी मी त्या कस्टमरला बाजूला घेतो कारण माझा माणूस मोकळा झाला की एक काउंटर चालू होतं, स्टॉकवाल्या दोघांना बिलिंगवर आणतो, शेल्फ तासभर रिकामं राहिलं तरी चालेल, आणि फोन करून माणूस बोलावणं त्यानंतर. त्या म्हणाल्या, आणि तू स्वतः काउंटरवर बसणार नाहीस? मी म्हटलं बसलो तर बाकीचं दुकान कोण बघणार. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. काय ते अजून माहीत नाही.
ऑफर आली. असिस्टंट मॅनेजर ट्रेनी, नऊ महिने. पहिल्या महिन्यापासून हाताखाली आठ जण, एका विभागाचा स्टॉक माझ्या नावावर, मागच्या बॅचच्या ११ मधले सहा मॅनेजर झालेत. बाँड नाही. भागाकार केला, दर तासाला आत्ताच्यापेक्षा थोडा जास्तच येतो, थोडाच.
आणि आमच्या सध्याच्या ऑफिसात राजीनाम्याचं बोललो तर दोन दिवसांत टीम लीडरची जागा 'निर्माण' झाली! आता काय करू?

हजर_आहे
हाहाहा, अठरा महिने नव्हती ना ती जागा?

एकदा_फसलेली
ती जागा लेखी दिलीये का?

काठावरचा
@एकदा_फसलेली नाही. 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाले.

एकदा_फसलेली
मग बुटात पुठ्ठा घालायची तयारी ठेवा.

वाकडा_मुद्दा
पहिल्यांदाच एक सरळ मुद्दा मांडतो, जा तिकडे.

बारकोडबाबा
जॉइन व्हायच्या आधी एकदा पहाटे त्या दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन उभे रहा, मालाची गाडी येते तेव्हा. कोण मोजतं आणि कोण नुसती सही करतं ते बघून ठेवा.

काठावरचा
बाबा, गुरुवारी जातोय. साडेपाचची गाडी आहे, वॉचमनला विचारून घेतलं.